मामांना तमिळ येतं, भाचीला जर्मन का अडतं?

माझ्या जर्मनच्या संध्याकाळच्या बॅचला मिरजेची एक नर्स येते. आयसीयूत सात वर्षं काढलेली. रात्री अडीच वाजता पेशंटचा ऑक्सिजन खाली आला तर काय करायचं हे तिला विचारावं लागत नाही, हात आपोआप चालतात. पण वर्गात मी तिला "वी हाइसन झी?" म्हणजे "तुमचं नाव काय?" एवढं विचारलं, की मानेवर लाल चट्टे उठतात आणि स्वतःचं नाव सांगायच्या आधी ती दोनदा आवंढा गिळते.

तिचे मामा खानापूर तालुक्यातले. त्या भागातल्या कितीतरी घरांसारखंच त्यांचंही घर गलाईवर चालतं. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, गलाई म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याचं काम. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं या कामासाठी देशभर पांगलेली आहेत. मामा दहावी नापास होऊन तमिळनाडूत गेले आणि वर्षाच्या आत गिऱ्हाइकाशी तमिळमध्ये घासाघीस करायला लागले. "मामा, तमिळचं व्याकरण कसं शिकलात?" असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "ते काय असतंय?"

एका घरातली दोन माणसं. जिचं शिक्षण जास्त, तीच अडते. असं का, हे आज जरा खोलात जाऊन बघू. प्रश्न आता एकट्या तिचा राहिलेला नाही. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. तेव्हापासून नर्स, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर अशी आयुष्यात कधी परदेशी भाषेच्या वाटेला न गेलेली मंडळी वही-पेन घेऊन बाकावर येऊन बसली आहेत. त्यातले बरेच जण बुद्धी कमी म्हणून गळत नाहीत. पोटात गोळा येतो म्हणून गळतात.

ही धास्ती नेमकी कसली?

इंग्रजीत याला 'फॉरेन लँग्वेज अँक्झायटी' म्हणतात. मी पुढे साधा 'धास्ती' हा शब्द वापरणार आहे. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या इलेन हॉर्विट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिल्यांदा ती नीट मोजायचा प्रयत्न केला. त्यांनी ३३ विधानांची एक प्रश्नावली बनवली, आणि ती आजही जगभर वापरली जाते. त्यांचं म्हणणं असं, की या धास्तीत तीन गोष्टी मिसळलेल्या असतात: चारचौघांत बोलायची भीती, परीक्षेची भीती आणि 'लोक काय म्हणतील'. तिसरी आपल्याकडे सांगायला नकोच.

त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. गणित चुकलं तर गणित चुकतं. भाषा चुकली तर आपणच चुकल्यासारखं वाटतं. मराठीत आपण विनोद करतो, टोमणे मारतो, समोरच्याला गप्प करतो. नव्या भाषेत आपल्याकडे तीन वर्षांच्या पोराएवढे शब्द असतात. चाळीस वर्षांच्या हुशार बाईला अचानक तीन वर्षांचं व्हावं लागलं, तर ती घाबरणार नाही तर काय?

डीपीवरचा आकडा

आता ही धास्ती डोक्यात काय करते ते बघू. बोलताना मेंदूला एकाच वेळी चार कामं करावी लागतात: शब्द शोधायचा, लिंग लावायचं, क्रियापद जागेवर ठेवायचं आणि समोरचा काय म्हणतोय ते ऐकायचं. हे सगळं ज्या छोट्याशा जागेत चालतं तिला कार्यकारी स्मृती म्हणतात. जागा फारच मर्यादित.

ज्यांचं शेत आहे त्यांना हे पटकन कळेल. डीपीवर, म्हणजे शेताच्या ट्रान्सफॉर्मरवर, दहा मोटरींचं कनेक्शन आहे आणि मध्येच कुणीतरी वीज चोरायला तारेवर आकडा टाकला. व्होल्टेज पडतं आणि आपली मोटर नुसती हुंकारते, पाणी उचलत नाही. आपण मोटर खोलून बसतो, वायंडिंग तपासतो. मोटरीला काही झालेलं नसतं, वीज चोरीला गेलेली असते.

धास्ती म्हणजे हा आकडा. "चुकलं तर?", "मागच्या बाकावरचा हसला का?", "माझा आवाज कापतोय का?" हे प्रश्नही त्याच जागेतली वीज खातात. जर्मन वाक्याला उरतं ते डीम व्होल्टेज. म्हणून घरी पाठ असलेला शब्द वर्गात सापडत नाही आणि जिना उतरताना मात्र लख्ख आठवतो.

कॅनडातल्या पीटर मॅकिन्टायर आणि रॉबर्ट गार्डनर यांनी १९९४ मध्ये याची परीक्षाच घेतली. कॉम्प्युटरवर परके शब्द शिकत असलेल्या विद्यार्थ्यांसमोर त्यांनी मध्येच व्हिडिओ कॅमेरा आणून ठेवला. कुणाला सुरुवातीला, कुणाला नंतर. कॅमेरा आला तिथं धास्ती वाढली आणि तिथंच कामगिरी घसरली. शब्द तेच होते, माणसंही तीच. बदललं ते एवढंच, की आता कुणीतरी बघत होतं.

इथं मामांचं कोडं सुटतं. त्यांच्या दुकानात कॅमेरा नव्हता. गिऱ्हाइकाला सोन्याशी मतलब, मामांच्या क्रियापदाशी नाही. वाक्य मोडकं निघालं तरी सौदा झाला, म्हणजे भाषा चालली. दिवसाला पन्नास वेळा 'जमलं' असा अनुभव. जत तालुक्यात कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात मिसळून भाजी विकणाऱ्या बायका बघा, त्यांचंही तसंच. त्यांच्या चुका कुणी मोजत नाही, म्हणून त्या स्वतःही मोजत नाहीत.

"पण अभ्यासच कच्चा असेल तर?"

रास्त शंका आहे. खुद्द संशोधकांतही यावरून जुंपलेली आहे. रिचर्ड स्पार्क्स आणि लिओनोर गॅन्शो यांनी हॉर्विट्झ यांना उलट विचारलं होतं: घाबरतो म्हणून भाषा येत नाही, की भाषा येत नाही म्हणून घाबरतो? आवाज आणि अक्षरं यांची जुळणीच काहींना मुळात अवघड जाते आणि धास्ती ही त्याची सावली असते, असं त्यांचं म्हणणं.

माझा अनुभव सांगतो, की दोन्ही खरं असतं आणि दोन्ही एकमेकांना खतपाणी घालतात. येत नाही म्हणून भीती, भीती म्हणून वर्गाला दांडी, दांडी म्हणून आणखी येत नाही. दांडी मारली की त्या संध्याकाळी जिवाला बरं वाटतं, आणि धोका नेमका त्या बरं वाटण्यात आहे. पाठ फिरवून पळालं की गल्लीतलं कुत्रं हमखास मागे लागतं, तसं आहे हे. त्यामुळे अभ्यासाला फाटा देऊन नुसतं 'आत्मविश्वास वाढवा' म्हणणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. शंभर शब्द पाठ नसतील तर दीर्घ श्वास घेऊन ते कुठून येणार?

"थोडी भीती हवीच की!"

हवी. सांगलीकराला हे आयर्विन पुलाच्या भाषेत सांगितलं की पटतं. पावसाळ्यात आपण एकमेकांना 'कसे आहात' विचारत नाही, 'पाणी किती फूट?' विचारतो. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. नदीला पाणी असणं वाईट नाही, उन्हाळ्यात कोरडी पडली तरी आपण बोंबलतोच. परीक्षेच्या आधी जी थोडी धडधड होते, ती माणसाला पुस्तक उघडायला लावते. मात्र चाळीसच्या वर गेलं की गल्लीतलं सामान वर उचलायची वेळ आली.

म्हणून मी वर्ग सुरू होताना प्रत्येकाला विचारते, "आज किती फूट?" पहिल्या दिवशी हसतात. आठवड्यानं खरं सांगायला लागतात. हा पोरखेळ नाही. मॅथ्यू लीबरमन यांच्या गटानं २००७ मध्ये मेंदूच्या स्कॅनवर दाखवलं, की भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतलं धोक्याची घंटा वाजवणारं केंद्र थोडं शांत होतं. आणि नाव द्यायचं ते मराठीत. भीती आपल्या भाषेत वाटते, तिला जर्मन शब्द शोधत बसू नका.

मग करायचं काय?

आधी काय करायचं नाही ते सांगते. "घाबरू नकोस" असं म्हणू नका, स्वतःलाही नाही आणि मुलांनाही नाही. भीती दाबून धरायलाही वीज लागतेच. आकड्याच्या शेजारी दुसरा आकडा.

दाबण्यापेक्षा तिचं नाव बदलता येतं का बघा. ॲलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये एक गमतीदार अभ्यास प्रसिद्ध केला. गाणं म्हणण्याआधी किंवा भाषण करण्याआधी काहींना त्यांनी स्वतःशी 'मी शांत आहे' म्हणायला लावलं, काहींना 'मला हुरूप आलाय' अशा अर्थाचं. हुरूपवाल्यांची कामगिरी सरस ठरली. कारण साधं आहे. छातीत धडधड भीतीनंही होते आणि उत्साहानंही होते, शरीराचा ढोल एकच. धडधडणाऱ्या छातीला 'शांत हो' सांगणं अवघड, 'चल, हो पुढं' सांगणं सोपं. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत 'सीता स्वयंवर' हे नाटक उभं केलं, त्या गावाला विंगेतली धडधड मी काय समजावणार? रंग लावून उभ्या असलेल्या कुठल्याही हौशी नटाला विचारा.

दुसरी गोष्ट, खिशात चार तयार वाक्यं ठेवा. माझा सगळ्यांत जास्त भर यावर असतो. अडल्यावर काय बोलायचं हे आधीच ठरलेलं असेल, तर अडण्याची भीती निम्मी होते. "मोमेंट, बिटं" म्हणजे एक मिनिट हं. "लांगझाम, बिटं" म्हणजे जरा हळू. "क्योन्टन झी दास बिटं वीडरहोलन?" म्हणजे पुन्हा सांगाल का? आपण मराठीत "अं… म्हणजे… काय म्हणतात ते…" करतो, तसलीच ही वाक्यं. जर्मन माणूसही अडतो, त्याची अडायची वाक्यं आपण उसनी घ्यायची. मी पुण्यात पहिली तोंडी परीक्षा दिली तेव्हा मला यातलं एकही येत नव्हतं. पूर्ण मिनिटभर मी टेबलावरच्या पाण्याच्या बाटलीकडे बघत होते. बाटलीला जर्मनमध्ये काय म्हणतात तेही आठवत नव्हतं.

तिसरी गोष्ट म्हणजे पायऱ्या. एकदम वीस जणांसमोर उभं राहायचं नाही. आधी एकटीनं मोठ्यानं वाचायचं. मग एका मैत्रिणीला व्हॉट्सॲपवर अर्ध्या मिनिटाचा व्हॉइस मेसेज, मग जोडीत, मग चौघांत. एका पायरीवर पाणी वीस-पंचवीस फुटांवर उतरलं की पुढची. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं आत्मविश्वास कशातून येतो ते चार भागांत मांडलं होतं, आणि त्यात पहिला नंबर स्वतःला जमल्याच्या अनुभवाचा. शाबासकीचा नंबर बराच नंतर. दुसरा नंबर आपल्यासारख्याच कुणालातरी जमताना बघण्याचा. म्हणून मी कधीकधी जर्मनीत गेलेल्या जुन्या विद्यार्थ्याला व्हिडिओ कॉलवर घेते. त्यालाच घ्यायचं, जो इथं तीनदा अडला होता. पहिल्या झटक्यात पास झालेल्याचा काही उपयोग नाही, त्याला बघून पोरं आणखी दबतात.

आणि सगळे आपल्याकडेच बघतायत, हा समज. कॉर्नेल विद्यापीठात २००० च्या सुमारास थॉमस गिलोविच यांनी विद्यार्थ्यांना लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. निम्म्या लोकांनी पाहिला असेल, असं घालणाऱ्याला वाटलं. प्रत्यक्षात चौथाईच्या आसपासच लोकांच्या लक्षात आलं होतं. वर्गातही तेच. बाकीचे एकोणीस जण तुमची चूक ऐकत नसतात, आपला नंबर कधी येतो ते मोजत असतात.

मराठीची शिदोरी

आमच्या मुलांची अर्धी धास्ती इंग्रजीतून आलेली असते, असं माझं स्पष्ट मत आहे. 'मला इंग्रजी कधी जमलं नाही, मग जर्मन कसं जमणार?' अहो, जर्मन इंग्रजीच्या वाटेनं शिकायलाच कशाला हवी? मराठीच्या वाटेनं या.

जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून इंग्रजी बोलणारे रडतात. आपल्याला तो, ती, ते नवीन आहे का? 'दास किंट' म्हणजे ते मूल, आपल्यासारखंच नपुंसकलिंगी. मुलीला 'दास मेडशेन' म्हणतात आणि तेही नपुंसकलिंगी, यावर जगभर विनोद होतात. 'ते पोरगं' म्हणणाऱ्याला त्यात हसण्यासारखं काय? (सगळं जुळत नाही, हेही सांगते. त्यांचा सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी. तिथं घोकावंच लागतं.)

'मला थंडी वाजते' याला ते 'मिअर इस्ट काल्ट' म्हणतात. 'मिअर' म्हणजे चक्क 'मला'. इंग्रजीच्या वाटेनं गेलेला इथं 'इख बिन काल्ट' म्हणून फसतो. 'मला आवडतं' हे 'दास गेफेल्ट मिअर', पुन्हा तेच 'मला'. 'वाइल इख म्युडं बिन' याचे शब्द ओळीनं लावा: कारण, मी, दमलेली, आहे. क्रियापद शेवटी, जसं आपल्या आजीनं ठेवलं असतं तसं. भूतकाळात जाण्या-येण्याची क्रियापदं वेगळी आणि खाण्या-वाचण्याची वेगळी, हे जर्मन व्याकरणातलं मोठं संकट मानतात. आपण 'तो गेला' म्हणतो, पण 'त्यानं भाकरी खाल्ली' म्हणतो. हा भेद आपण शाळेत जायच्या आधीपासून पाळतोय. आकडेही तसेच. 'फिअर-उंट-ड्रायसिश' म्हणजे चार आणि तीस. आपला चौतीस वेगळा कुठं आहे? दहाला ते 'चेन' म्हणतात, त्यातला च चमच्यातला, चिमट्यातला नव्हे.

हे एकदा फळ्यावर मांडलं की बाकावरच्या माणसाचा खांदा थोडा सैल होतो. मी रिकाम्या हातानं आलेलो नाही, असं त्याला दिसतं. भावनेवर केलेला हाही उपायच आहे, फक्त व्याकरणाच्या कपड्यात.

"म्हणजे चुका सुधारायच्याच नाहीत का?"

सुधारायच्या. पण कधी आणि कशा, यावर सगळं आहे. एकानं सांगितलं, "इख हाबं नाख पुणे गेफारन", म्हणजे मी पुण्याला गेलो. चूक आहे, 'हाबं' नाही, 'बिन' हवं. मी त्याला तोडत नाही. "आख, झी झिंट नाख पुणे गेफारन? एसटीनं की रेल्वेनं?" असं बरोबर रूप माझ्या वाक्यात ठेवून गप्पा पुढे नेते. आई बोबड्या पोराशी अशीच बोलते. याचा तोटा हा, की बऱ्याच जणांना सुधारणा झाली हे कळतच नाही. म्हणून तीच चूक तिसऱ्यांदा झाली की तास संपल्यावर बाजूला घेऊन सांगते. चारचौघांत नाही.

शिक्षकांना आणखी एक विनंती, जरा थांबा. मेरी बड रो यांनी सत्तरच्या दशकात विज्ञानाचे वर्ग टिपून ठेवले होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबायचे. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांब आणि चांगली यायची. परक्या भाषेत तर तीनही कमीच. मी मनात 'ज्ञानोबा-तुकाराम' दोनदा म्हणते.

"परीक्षक काय 'आज किती फूट' विचारणार आहे?"

नाही विचारणार. पण परीक्षेचे नियम कुणी नीट वाचत नाही. गोएथे-इन्स्टिट्यूटच्या बी वन परीक्षेत, म्हणजे युरोपच्या सहा पायऱ्यांतल्या तिसऱ्या पायरीला, प्रत्येक भागात १०० पैकी ६० गुण लागतात. चाळीस गुण चुकायला मोकळे. पोरं शंभराच्या हिशेबानं घाबरतात, तिथं साठाचं काम असतं. शिवाय बोलण्याची परीक्षा साधारणपणे जोडीनं होते. समोर बसलेला आपल्याइतकाच घामाघूम असतो. त्याला एक प्रश्न विचारलात तर त्याचंही भलं होतं आणि आपल्यालाही श्वास मिळतो.

परीक्षेच्या दिवशी दहा मिनिटं आधी कागदावर मनातली भीती उतरवून काढा, मराठीत, हवं तसं गिचमिड. शिकागो विद्यापीठातल्या रामिरेझ आणि बायलॉक यांनी २०११ मध्ये हे गणिताच्या आणि जीवशास्त्राच्या परीक्षेला करून पाहिलं, तेव्हा घाबरट विद्यार्थ्यांचे गुण वाढले. भाषेच्या परीक्षेवरचा प्रयोग नाही हा, पण कागद आणि पेन याशिवाय खर्च काही नाही. कागद फाडून टाका आणि आत जा.

ज्यांची धास्ती वर्गापुरती राहत नाही, झोप उडते, उलट्या होतात, बँकेत मराठीत बोलतानाही हात कापतात, त्यांनी मात्र डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना भेटावं. ते काम भाषेच्या शिक्षकाचं नाही. आम्हीही ते अंगावर घेऊ नये.

मिरजेची ती नर्स अजून येते. अजून अडते, पण आता आधी "मोमेंट, बिटं" म्हणते आणि वर्ग थांबतो. मामा दिवाळीला आले तेव्हा तिनं त्यांना विचारलं होतं, तमिळ बोलताना किती चुका व्हायच्या म्हणून. "मोजायला कुणाला येळ हाय?" असं ते म्हणाले, हे तिनं हसत हसत वर्गात सांगितलं. परवा हजेरी घेताना मी नेहमीसारखं विचारत गेले. कुणी अठ्ठावीस म्हणालं, कुणी एक्केचाळीस. तिचा नंबर आला तेव्हा ती म्हणाली, "फिअर-उंट-ड्रायसिश." मी वहीत चौतीस लिहून पुढे गेले. ती जर्मनमध्ये बोलली होती हे माझ्या लक्षात आलं दोन नावं पुढे गेल्यावर.